सहाव्या आठवड्याचा फोन

फोनवर माणसाला प्रश्न कसे विचारायचे, हे मी शिकवते. हसू नका. मी मेंदूची सर्जन आहे, सोलापुरात इतकी वर्षं लोकांची डोकी उघडतेय आणि मिटतेय, आणि तरी आठवड्यातला एक अख्खा दिवस सहा चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांना फोन कसा करायचा हे शिकवण्यात घालवते. तीन डॉक्टर, दोन फिजिओथेरपिस्ट आणि एक शास्त्रज्ञ. अपघाती जखमांवर संशोधन कसं करायचं, याचं दोन वर्षांचं प्रशिक्षण आमच्या हॉस्पिटलात चालतं आणि ते माझ्या गळ्यात पडलंय. पडलंय म्हणते खरी, पण मीच हौसेनं ओढून घेतलेलं आहे.

लोकांना वाटतं, संशोधन म्हणजे काचेच्या नळ्या आणि पांढरे उंदीर. डोंबल! डोक्याला मार लागलेला माणूस एकदा घरी गेला की पुढं त्याचं काय होतं, हे आम्हा डॉक्टरांना माहीतच नसतं. तो कामावर परत गेला का? नातवंडांची नावं आठवतात का? पायरी उतरताना झोक जातो का? आपण डिस्चार्ज कार्डावर सही ठोकायची आणि मोकळं व्हायचं. ते कळायचं असेल तर विचारायला पाहिजे. म्हणून सहाव्या आठवड्याला एक फोन आणि सहाव्या महिन्याला एक. माणूस अक्कलकोटचा असो की करमाळ्याचा, प्रत्येकाला तेच प्रश्न, त्याच शब्दांत, त्याच क्रमानं. एकाला एक विचारलं आणि दुसऱ्याला दुसरंच, तर त्या उत्तरांची बेरीज करून उपयोग काय?

हे डॉक्टर लोकांना जमत नाही म्हणजे नाहीच. डॉक्टरच्या हातात फोन दिला की त्याची जीभ वळवळायला लागते. सरावासाठी मीच खोटी पेशंट व्हायची. शेजारच्या खोलीत बसायचं, पोरांनी तिकडून फोन लावायचा, आणि मी मोहोळची मावशी. "व्हय बाबा, डोकं दुकतंय की. आन् ह्यो गुडगा बी लई दुकतोय बग. काय करू रं गुडग्याचं?" झालं! तिकडनं आमचा एमएस झालेला वाघ गुडघ्याला गोळी सांगायला लागलाच. मी फोन आपटून तशीच आत जायची.

"गुडघा फॉर्मवर आहे का?"

"नाही मॅडम."

"मग कशाला शिरलास त्यात? तुला संशोधन करायचंय की दवाखाना टाकायचाय?"

बाकीची पोरं तोंड दाबून हसायची. त्यांना माझ्या आवाजाची सवय झाली होती. मागं म्हणे माझी नक्कलही करायची. करू देत. पण मी सांगत होते त्यात खोटं काही नव्हतं. एकाला तुम्ही फोनवर गोळी सांगितली, पथ्य सांगितलं, धीर दिला, आणि तो बरा झाला, तर तो मूळच्या उपचारानं झाला की तुमच्या बडबडीनं, हे कसं कळणार? विचारणाऱ्यानं फक्त विचारायचं. हा नियम मी शोधलेला नाही, जगभर हाच चालतो, आणि तो बरोबरच आहे. आजही मी तोच शिकवते.

त्या वर्षीच्या तुकडीतली शास्त्रज्ञ म्हणजे एक काटकुळी पोरगी. सोलापूरच्या पूर्वभागात, विणकरांच्या वस्तीत वाढलेली, घरी तेलुगू, वडील टॉवेलच्या मागावर. जीवरसायनशास्त्रात तिनं चांगलं नाव काढलं होतं. तिचं खरं काम रक्ताच्या नमुन्यांचं. पेशंट तिनं जवळून कधी बघितलेलाच नव्हता. पहिल्या दिवशी वॉर्डात एकाचं ड्रेसिंग सोडलं आणि ही बाई तिथंच चक्कर येऊन पडली. पण फोनला मी तिलाच बसवलं. कारण सरळ होतं. तिला औषधातलं काही कळत नव्हतं, त्यामुळं ती सल्ला देणार नव्हती.

आणि काय सुरेख विचारायची हो! मी मावशी होऊन सगळे डाव खेळून बघितले. रडले, भांडले, "तू कुनाची गं पोरी, लगीन झालं का तुजं?" म्हणून घोळात घेतलं. ती आपली शांत. "मावशी, पुढचा प्रश्न विचारू?" सगळ्यांसमोर मी तिची पाठ थोपटली. असा फोन पाहिजे, म्हणाले. आता ते आठवलं की माझ्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

फॉर्मच्या शेवटी एक चौकट होती. तीही मीच केलेली. फिट, उलट्या, हातापायातलं बळ जाणं, शुद्ध हरपणं. यातलं काही ऐकू आलं तर फोन संपल्यावर तडक मला गाठायचं. बाकी कशासाठी यायचं नाही. असं बजावावं लागलं, कारण सुरुवातीला ही पोरं फोनगणिक माझ्याकडे धावत यायची. मॅडम, तिला आंबट ढेकर येतात. मॅडम, तो म्हणतो केस गळतात. मी ऑपरेशनं करू की ढेकरा ऐकत बसू?

आता त्या माणसाबद्दल सांगते. ऊसतोडीचा माणूस, पन्नाशी ओलांडलेला. करमाळ्याच्या बाजूची टोळी हंगामाला श्रीपूरकडं फडावर उतरली होती, त्यात हा आणि याची बायको. गाडीवर उसाच्या मोळ्या रचताना वरून घसरला आणि डोक्यावर पडला. आमच्याकडं आणला तेव्हा बोलत होता. स्कॅनमध्ये मेंदूच्या कडेला रक्ताची एक बारीक रेघ दिसत होती, ऑपरेशन करण्याजोगी नव्हती. पाच दिवस ठेवला. चालत घरी गेला. जाताना दारातून वाकून मला रामराम घालून गेला, ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. दोन आठवड्यांनी दाखवायला या, असं कार्डावर लिहून दिलं होतं. हंगाम सोडून कोण येतंय दाखवायला? नाही आले. संपर्काचा नंबर म्हणून बायकोनं टोळीच्या मुकादमाचा नंबर दिला होता, आणि पत्त्याच्या रकान्यात कुणीतरी 'मुकादमामार्फत' असं लिहिलं होतं. मी त्याखाली सही केली होती.

सहावा आठवडा भरला तेव्हा मंगळवार होता. सकाळी पोरीनं फोन लावला, मुकादमानं तो नेऊन बाईच्या हातात दिला. आमचे फोन रेकॉर्ड होतात. हा फोन मी किती वेळा ऐकलाय ते विचारू नका.

"कसे आहेत ते?"

"बरं हायत की."

"डोकं दुखतं का?"

"मागं दुकायचं. आता काय म्हनत न्हाईत."

"चालतात का?"

"चालत्यात. धरून."

"झोपेचा काही त्रास होतो का?"

"न्हाय बया, झोपंचा कसला तरास. लई छान झोपत्यात. दिसभर झोपत्यात. हलवलं की उटत्यात, दोन घास खात्यात, परत झोपत्यात."

इथं रेकॉर्डिंगमध्ये नुसता मागं कुठंतरी ट्रॅक्टर चालू असल्याचा आवाज आहे. मग पोरीचा आवाज येतो. "बरं. पुढचा प्रश्न विचारू?" आणि फॉर्मवर झोपेच्या रकान्यात शून्य पडतं. आमच्या फॉर्ममध्ये शून्य म्हणजे काही त्रास नाही. सगळ्यात चांगलं उत्तर.

ती माझ्याकडं आली होती. हे मला सांगायलाच पाहिजे, कारण नंतर काही जणांनी तिच्याकडं बोट दाखवलं. मी ऑपरेशन थिएटरच्या दारात होते, डोक्याला टोपी बांधत होते. आत पेशंट झोपवलेला, भूलवाले घड्याळ बघत होते.

"मॅडम, तो उसाच्या गाडीवरून पडलेला पेशंट. त्याची बायको म्हणते, तो दिवसभर झोपलेलाच असतो."

"हलवल्यावर उठतो ना?"

"हो, उठतो म्हणे."

"मग शुद्ध आहे की त्याला! चौकटीत बसतंय का ते?"

"नाही मॅडम. पण मला वाटलं..."

"तुला वाटलं ते कुठल्या रकान्यात भरायचं? फॉर्ममध्ये जेवढं आहे तेवढंच बघ. कथा नको सांगूस."

"बरं मॅडम," म्हणाली आणि गेली.

वॉर्डात राऊंड घेताना कुणी मला सांगितलं असतं की पन्नाशीचा माणूस आहे, सहा आठवड्यांपूर्वी डोक्याला मार लागलाय आणि आता नुसता झोपून असतो, तर पुढचं ऐकायच्या आधी मी ओरडले असते, रक्त साचतंय, आणा त्याला आधी इकडं! हळूहळू साचणारं रक्त. माणूस सुस्तावत जातो, घरच्यांना वाटतं थकलाय, झोपू दे बिचाऱ्याला. कवटीला दोन भोकं पाडायची, रक्त काढून टाकायचं, आणि तिसऱ्या दिवशी तोच माणूस उठून चहा मागतो. आमच्या धंद्यात इतकं सोपं आणि इतकं समाधानाचं ऑपरेशन दुसरं नाही. शिकाऊ पोरांना आम्ही हातात यंत्र देऊन पहिलं हेच करू देतो. आणि थिएटरच्या दारात मात्र मला त्या पोरीच्या बोलण्यात पेशंट दिसलाच नाही, फॉर्मची शंका दिसली. पोरं फॉर्मच्या शंका घेऊन येतात, मी त्या झटकून टाकते, तशी हीपण झटकली.

शुक्रवारी दुपारी माझा तास होता. स्कॅन कसे वाचायचे, यावर. पडद्यावर एका म्हाताऱ्याचा स्कॅन होता, मेंदूच्या बाजूनं चंद्रकोरीसारखं साचलेलं जुनं रक्त. मी नेहमीच्या सुरात सांगत होते. याला नातेवाईक घेऊन येतात तेव्हा काय सांगतात? फिट आली म्हणतात का? नाही. पडला म्हणतात का? पडलेलं तर विसरूनसुद्धा गेलेले असतात. ते सांगतात, डॉक्टर, हे हल्ली फार झोपतात. हलवलं की उठतात, दोन घास खातात, परत झोपतात.

शेवटच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पोरगी उभी होती.

"मॅडम," ती म्हणाली, "तसंच म्हणाली होती ती. अगदी असंच."

आधी मला कळेचना ती कुणाबद्दल बोलतेय. मग कळलं. पडद्यावर तो स्कॅन तसाच होता, बाकीची पाच माणसं माझ्याकडं बघत होती, आणि मला तास संपवायचं भानही राहिलं नाही. मी तिला म्हणाले, फोन लाव.

फोन लागेना. मुकादमाचा नंबर संपर्क क्षेत्राबाहेर. ती लावत होती, ठेवत होती, परत लावत होती. मी फॉर्म मागवला, पत्ता बघितला. मुकादमामार्फत! अरे, मुकादमच सापडत नाही तर त्याच्यामार्फत काय माझं कपाळ? तिकडच्या सरकारी दवाखान्यात फोन केला. तिथले कंपाउंडर बिचारे सरळ माणूस. म्हणाले, "मॅडम, कोणत्या फडावर? हितं चारी बाजूनं टोळ्याच हायत. खोपी कुटं म्हनून शोधायची?" मला फडाचं नाव माहीत नव्हतं. मला त्या माणसाच्या डोक्याच्या आतलं सगळं ठाऊक होतं, मिलिमीटरमध्ये ठाऊक होतं, आणि तो कुठं झोपलाय ते ठाऊक नव्हतं. गाडी पाठवते म्हटलं तर कुठं पाठवू? आयुष्यात इतकी हतबल मी कधी झाले नव्हते. हात आहेत, यंत्रं आहेत, थिएटर रिकामं आहे, माणसं तयार आहेत, आणि खुर्चीत बसून एका पोरीला नंबर फिरवताना बघत राहायचं.

दिवस कलायला लागला तेव्हा मुकादमानं उचलला.

"टोळी हलली की म्याडम, परवाच. दुसऱ्या फडावर गेलोय. तितं रेंज न्हाय." मग म्हणाला, "त्ये व्हय? त्यास्नी आज दुपारी उटवलं तर उटंनात. जीपमधी घालून तुमच्याकडंच आनतोय. मोहोळ गेलं मागं."

म्हणजे आम्ही शोधत होतो तेव्हा ते वाटेवर होते. आमच्या फोनचा त्यात काडीचा उपयोग झाला नव्हता.

आणला तेव्हा एका डोळ्याची बाहुली मोठी होऊन बसली होती. उजेड टाकला तरी हलत नव्हती. स्कॅनला नेला, तिथून सरळ थिएटरमध्ये. मी कुणाच्या हातात यंत्र दिलं नाही, मीच केलं. पहिलं भोक पाडलं आणि जुन्या इंजिन ऑइलसारखं काळपट रक्त दाबानं बाहेर आलं. खूप आलं. ते निघून गेलं की दबलेला मेंदू हळूहळू वर यायला पाहिजे, भोकाच्या तोंडाशी हलताना दिसायला पाहिजे. मी पाणी सोडलं, थांबले, परत पाणी सोडलं. मेंदू होता तिथंच खाली बसून राहिला. ये रे बाबा, मी मोठ्यानं म्हणाले, वर ये. मुलं माझ्याकडं बघत होती. कुणी हसलं नाही.

त्यानंतरचे दोन दिवस तो श्वासाच्या यंत्रावर होता. मला तिथं करण्यासारखं काही नव्हतं तरी मी जात होते. डोळ्यात उजेड टाकून बघायची, कार्डावर वेळ टाकायची, निघून यायची, तासाभरानं परत जायची. नर्सा मला बघून उगाच सलाईन नीट करायच्या. शनिवारी पोरगी फॉर्म घेऊन माझ्या खोलीत आली. डोळे सुजले होते, पण आवाज तोच, फोनवरचा.

"मॅडम, झोपेच्या रकान्यातलं शून्य बदलू का?"

"नाही बदलता येत."

मीच शिकवलं होतं त्यांना. फोनवर आलेलं उत्तर नंतर खोडायचं नाही, आपल्याला मागाहून काय कळलं त्याप्रमाणं फिरवायचं नाही. तसं करायला लागलो तर संशोधनाला अर्थच उरत नाही. आणि तिनं चुकीचं लिहिलंही नव्हतं. झोपेचा त्रास होतो का, तर नाही. कुणीही तपासून बघावं, शून्यच येतं.

"मला तेव्हा वाटलं होतं," ती म्हणाली.

"तू मला सांगितलंस. चूक माझी आहे. कुणी तुला काही बोललं तर माझ्याकडं पाठव."

ती फॉर्म टेबलावर ठेवून गेली. तिनं फोन मात्र नंतर कधी हातात घेतला नाही, रक्ताच्या नमुन्यांकडं परत गेली, आणि मी आग्रह केला नाही. चौकटीत आता 'जास्त झोप' ही ओळ आहे. पत्त्याच्या रकान्यात फडाचं नाव, जवळची खूण, दुसरा नंबर, सगळं भरून घेतो. फोनच्या शेवटी एक वाक्य वाढवलंय, ही तपासणी नाही, काही वाटलं तर डॉक्टरांना दाखवाच. हे वाक्य का लागतं, ते मला सोमवारी कळलं.

सोमवारी सकाळी तो गेला. बायकोला सांगायला मी स्वतः गेले, शिकाऊ डॉक्टरला पाठवलं नाही. ती अतिदक्षता विभागाच्या बाहेर भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर त्याचा सदरा घडी करून ठेवलेला. मुकादम खाली गाडीपाशी होता. मी खाली तिच्याशेजारी फरशीवर बसले. सांगितलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. मला वाटलं, आता ही मला शिव्या घालील. घालावी. मला बरं वाटलं असतं.

ती रडायची थांबली आणि हळू आवाजात सांगायला लागली.

"मंगळवारीच आननार हुते मी त्यास्नी. लई झोपत्यात म्हनून जिवाला घोर लागला हुता. मुकादमाची जीप ठरवली हुती, दुपारची. त्याच सकाळी तुमचा फोन आला." तिनं सदऱ्याची घडी सारखी केली. "मी म्हनलं, दवाखान्यातूनच फोन आलाय. समदं इचारून घेतलं त्यांनी. चालत्यात का, झोपत्यात का, समदं. काय वावगं आसतं तर म्हनल्या नसत्या व्हय? म्हनून जीप माघारी लावली."

आमचा फोन म्हणजे तपासणीच, असं ती समजली होती. कुठलाही सरळ माणूस तेच समजला असता. मोठ्या दवाखान्यातून आपणहून फोन येतो, माणसाची इतकी बारीक चौकशी होते, आणि शेवटी गोड आवाजात धन्यवाद म्हणून ठेवला जातो. इतकी वर्षं मी पोरांना तो फोन तसाच करायला शिकवत होते.

"म्याडम," ती म्हणाली, "मी फोनवर काय चुकीचं सांगितलं का?"

"नाही. तुम्ही सगळं बरोबर सांगितलं."

ती माझ्याकडं बघत राहिली.

"मग?" ती म्हणाली.